जात्यांच्या दगडांची फरशी

इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या बेनेडिक्टाइन मठात, मठवासी बाहेरच्या लोकांना जिथे भेटत त्या दालनाला 1330 च्या दशकात एक विलक्षण फरशी बसवण्यात आली. ती घरगुती जात्यांच्या दगडांची होती. गावकऱ्यांनी आपले धान्य मठाच्या चक्कीवरच दळले पाहिजे आणि दळणावळ मठालाच भरली पाहिजे, असा मठाचा हक्क होता; त्यामुळे घरात जाते ठेवणे ही त्या हक्काची चोरी ठरत असे. हा तंटा जुना होता. 1274 मध्ये गावातल्या बायकांनी त्या बाजूने जाणाऱ्या एलिनॉर राणीला गाठून आपले गाऱ्हाणे तिच्या कानावर घातले होते. पुढे इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याला पदच्युत केले गेले त्या धामधुमीत गावकऱ्यांनी थेट मठालाच वेढा घातला, सवलती लिहून घेतल्या आणि घरोघरी जाती बसवली. मात्र थोड्याच वर्षांत मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डने न्यायालयात बाजी उलटवली, एकूण एक जाते जप्त केले आणि त्यांचे दगड आपल्या दालनात पायाखाली घातले. मठात गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आपल्याच घरचे जाते तुडवत आत यावे लागे.

पन्नास वर्षांनी, 1381 च्या जून महिन्यात, इंग्लंडभर शेतकऱ्यांचा उठाव पेटला असताना सेंट ऑल्बन्सचे लोक त्या दालनात शिरले. त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि त्यांचे तुकडे आपसांत वाटून घेतले. रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली भाकरी जशी तुकडे करून वाटतात, तसे ते दगड वाटले गेले, अशी नोंद याच मठातला इतिवृत्तकार थॉमस वॉल्सिंगम करतो. त्याची सहानुभूती अर्थातच मठाच्या बाजूला आहे. तरीही ही उपमा त्याच्या लेखणीतून उतरली, आणि मध्ययुगीन चर्च व सरंजामी समाज यांच्या नात्याविषयी तिने जेवढे सांगितले आहे तेवढे सांगायला एरवी पानेच्या पाने लागतात.

या नात्याबद्दल आपल्याकडे, पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत, दोन मते ठरल्यासारखी मांडली जातात. पहिले मत असे की चर्च हे सरंजामदारांचे साथीदार होते. राजा आणि सरदार लुटत होते आणि धर्मगुरू त्या लुटीला ईश्वरी आज्ञेचे रूप देत होते. दुसरे मत असे की त्या रानटी काळात चर्च हीच एकमेव माणुसकीची शक्ती होती. तिने युद्धांना आळा घातला, गरिबांना अन्न दिले, ज्ञान जपले. ही मते एकमेकांच्या विरुद्ध दिसत असली तरी एका बाबतीत ती एकच आहेत. दोन्हींमध्ये चर्च व्यवस्थेच्या बाहेर उभे आहे: एकात तो तिचा वकील आहे, दुसऱ्यात वैद्य. माझे म्हणणे असे की चर्च व्यवस्थेच्या आतच होते आणि तिथे त्याची मुख्य भूमिका जमीनमालकाची होती. शिवाय हा मालक इतर सगळ्या मालकांहून एका बाबतीत वेगळा होता. त्याला मरण नव्हते. चर्चचा न्याय त्याच्या प्रवचनांवरून करणारे आणि त्याच्या पाद्र्यांच्या पापांवरून करणारे, दोघेही हा मुद्दा चुकवतात.

पुढे जाण्याआधी शब्दाविषयी थोडे. 'सरंजामशाही' हा आपला शब्द युरोपातल्या व्यवस्थेला लावताना थोडे जपून राहावे लागते. मराठेशाहीत सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल. निदान तत्त्वतः तो सरकारचा होता आणि सरकार तो काढून घेऊ शकत असे. युरोपातल्या जहागिरीचा मालक महसुलापाशी थांबत नव्हता. भूदासाचा, म्हणजे जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याचा, न्याय करण्याचे, त्याच्या मुलीच्या लग्नावर कर घेण्याचे, तो मेल्यावर गोठ्यातले उत्तम जनावर उचलण्याचे, आणि त्याने जमीन सोडून जायचे की नाही हे ठरवण्याचे हक्कही त्याच्याकडे होते. खुद्द युरोपीय इतिहासकारही गेल्या अर्धशतकात 'फ्यूडॅलिझम' या एकाच शब्दाखाली इतक्या निरनिराळ्या प्रदेशांतल्या रीती कोंबण्याबद्दल कुरकुर करत आले आहेत आणि ती कुरकुर रास्त आहे. म्हणून मी इथे मुख्यतः इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मन मुलखातल्या मठांविषयी आणि बिशपांविषयी बोलतो आहे.

प्रार्थना करणारे, लढणारे आणि कष्ट करणारे, अशी समाजाची तीन भागांत वाटणी फ्रान्समधल्या लाँ शहराचा बिशप अडाल्बेरो याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, फ्रान्सचा राजा रॉबेर याला उद्देशून लिहिलेल्या कवितेत मांडली. चर्चने सरंजामी विषमतेला तत्त्वज्ञान पुरवले याचा पुरावा म्हणून ती नेहमी दाखवली जाते, आणि ते खोटे नाही. पण ती पुढे वाचली तर त्याच बिशपने हेही लिहिलेले सापडते की आपण भूदासाला पोसतो असे मानणारा धनी प्रत्यक्षात भूदासाकडूनच पोसला जातो, आणि भूदासांच्या अश्रूंना व उसाशांना अंत नाही. म्हणजे अडाल्बेरोला सत्य दिसत होते, आणि ते लपवण्याची गरजही त्याला वाटली नाही. जे दिसत होते ते बदलण्याची बुद्धी मात्र त्याला झाली नाही, कारण पोसले जाणाऱ्यांत तो स्वतः होता.

'प्रार्थना करणारे' हे वर्णनही अपुरे आहे. नॉर्मन विजयानंतर, 1070 च्या सुमारास, विल्यम राजाने इंग्लंडमधल्या मठांवर आणि बिशपांवर घोडेस्वार पुरवण्याचा बोजा ठरवून दिला: पीटरबरो मठाने साठ शिलेदार द्यायचे, बरी सेंट एडमंड्सने चाळीस, सेंट ऑल्बन्सने सहा. हे शिलेदार मठाच्या जमिनीतूनच तुकडे देऊन बसवले जात. म्हणजे मठाधिपती एकीकडे राजाचा मांडलिक आणि दुसरीकडे स्वतःच्या मांडलिकांचा धनी झाला. राजाने करवलेल्या 1086 च्या जमीनपाहणीत, म्हणजे 'डूम्सडे'त, इंग्लंडमधल्या जमिनीचा सुमारे चौथा हिस्सा धर्मसंस्थांकडे असल्याचे दिसते. याशिवाय दशमांश होता. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने 779 मध्ये आपल्या राज्यात तो सक्तीचा केला होता, त्यामुळे ज्यांच्या जमिनीवर चर्चची मालकी नव्हती त्यांच्या खळ्यातूनही दहावा वाटा चर्चकडे जात असे. इंग्लंडमध्ये भूदास मेला की उत्तम जनावर जमीनदाराला आणि त्याखालोखालचे चर्चला, अशी प्रथा अनेक ठिकाणी होती. जिथे जमीनदार मठ होता आणि गावच्या चर्चचे उत्पन्नही मठाकडेच होते, तिथे ही दोन्ही जनावरे एकाच गोठ्यात पोहोचत.

अक्षरओळख जपण्याचे श्रेय चर्चला दिले जाते. ते दिलेच पाहिजे. मात्र त्या अक्षरओळखीने सर्वांत आधी काय लिहिले हेही पाहावे. पॅरिसजवळच्या सेंजर्मेन-दे-प्रे मठाचा अधिपती इर्मिनों याने नवव्या शतकाच्या पूर्वार्धात मठाच्या जमिनींची जी वही तयार करवली, तिच्यात प्रत्येक कुटुंबाची नोंद आहे: नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव, मुलांची नावे, कोण स्वतंत्र आणि कोण दास, किती जमीन, आठवड्याला किती दिवस वेठ, वर्षाला किती कोंबड्या आणि किती अंडी. राजेरजवाड्यांच्या कथांत ज्यांचे नाव कधीच आले नसते अशा हजारो शेतकऱ्यांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत ती या वहीमुळे. इतिहासाच्या अभ्यासकाला तिचा मोह पडावा, असा तो दस्तऐवज आहे. ज्यांची नावे तिच्यात होती त्यांच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ इतकाच होता की धनी विसरणार नाही. निरक्षर सरदाराचा कारभारी बदलला की एखादी अंडी, एखादा वेठीचा दिवस निसटत असे. मठाच्या वहीतून ते निसटत नसत.

आता मरण नसलेल्या मालकाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. लौकिक जमीनदाराची मालकी कितीही जुलमी असली तरी ती माणसाच्या आयुष्याला बांधलेली होती. तो मेला की वारसाला जहागीर मिळवण्यासाठी राजाला नजराणा द्यावा लागे. वारस अज्ञान असला तर जमीन काही वर्षे राजाच्या ताब्यात जाई. वारसच नसला तर ती परत वरच्या धन्याकडे जाई. मुलींच्या लग्नात तुकडे पडत. बंड केले तर जप्ती येई. या प्रत्येक खिंडारातून भूदासाला थोडी हवा मिळे. कर्जात बुडालेला सरदार पैसे घेऊन त्याला मुक्त करी, मरणाच्या भीतीने पछाडलेला सरदार पुण्य म्हणून मुक्त करी, आणि असे करणे पुण्याचे आहे हे त्याला पाद्रीच सांगत असे. मठाचे यांपैकी काहीच होत नव्हते. मठ मरत नाही, त्याला मुलगी नसते, तो अज्ञान नसतो. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला हे इतके खुपले की 1279 मध्ये त्याने कायदा करून धर्मसंस्थांना नव्या जमिनी देण्यावर बंदी घातली; एकदा गेलेली जमीन सरकारच्या हाती पुन्हा कधी काहीच देत नाही, ही त्याची तक्रार होती. त्या कायद्याचे नावच 'मृत हात' असे आहे. मृत माणसाची मूठ उघडत नाही.

राजाला तक्रार करता आली. भूदासाला ती सोय नव्हती, आणि चर्चचा स्वतःचा कायदा तर त्याच्या स्पष्ट विरोधात होता. चर्चची मालमत्ता ही ईश्वराची आणि गरिबांची, बिशप तिचा केवळ राखणदार. तेव्हा बिशपने चर्चच्या दासाला मुक्त केले तर त्याची भरपाई स्वतःच्या मालकीतून केली पाहिजे, असे नियम स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभांनी सातव्या शतकातच केले होते आणि बाराव्या शतकात धर्मकायद्याचे जे मोठे संकलन झाले त्यात हीच भूमिका कायम राहिली. 633 च्या टोलेडो सभेचा एक ठराव तर तर्काच्या दृष्टीने निर्दोष आणि माणसाच्या दृष्टीने भयंकर आहे: चर्चने मुक्त केलेल्यांनी चर्चच्या आश्रयातून कधीच बाहेर पडू नये, कारण त्यांची आश्रयदाती कधीच मरत नाही. ज्याने हे वाक्य लिहिले त्याला त्यात काही क्रूर वाटले असेल असे मला वाटत नाही. विश्वस्त या नात्याने तो चोख वागत होता. लौकिक धन्याची उधळपट्टी त्याच्या भूदासाच्या पथ्यावर पडत होती. चर्चच्या भूदासाला मात्र धन्याचा सचोटीपणाच आडवा आला.

(हीच कल्पना पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात उतरली. 1540 नंतर तिसवाडी बेटावरची देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवण्यात आले. देवाच्या नावाने असलेली मालकी दुसऱ्या देवाच्या नावाने झाली. ती कसणाऱ्या कुळाच्या बाजूने या फेरफारात काहीच घडले नाही.)

चर्चच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातले बरेच खरे आहे, आणि ते झटकून टाकणे मला मान्य नाही. पोप ग्रेगरी पहिला याने 595 मध्ये रोमच्या चर्चच्या दोन दासांना मुक्त करताना लिहिले की निसर्गाने सर्व माणसांना स्वतंत्रच जन्माला घातले आणि ख्रिस्ताने देह धारण केला तोच दास्याचे बंधन तोडण्यासाठी. तेव्हा त्यांना जन्मजात स्वातंत्र्य परत देणे उचित आहे. सहाव्या शतकात असे वाक्य लिहिणारी दुसरी सत्ता युरोपात दाखवता येणे कठीण आहे. पण त्याच ग्रेगरीच्या काळात सिसिलीमध्ये रोमच्या चर्चच्या विस्तीर्ण जमिनी होत्या आणि त्या बांधलेली कुळेच कसत होती. मुक्तीच्या त्या पत्रातले तत्त्व सर्व माणसांना लागू पडणारे, आणि त्याची अंमलबजावणी मात्र दोघांपुरती.

बाराव्या शतकात पोप एड्रियन चौथा याच्यापुढे प्रश्न आला की भूदासाने धन्याच्या परवानगीवाचून केलेले लग्न वैध आहे का. त्याने निर्णय दिला की ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, तेव्हा धन्याचा विरोध असला तरी असे लग्न मोडता येणार नाही. हा निर्णय खरोखर क्रांतिकारक आहे. ज्या माणसाला जनावराप्रमाणे मोजले जाई त्याच्या संमतीला इथे कायद्यात स्थान मिळाले. मात्र त्याच निर्णयात पुढे असेही आहे की अशा लग्नामुळे धन्याची नेहमीची सेवा कमी होता कामा नये. लग्न वैध राहिले आणि लग्नावरचा करही राहिला. तो घेणाऱ्यांत मठही होते.

'ईश्वराची शांती' या चळवळीचेही तसेच. राजसत्ता मोडकळीला आली असताना, 989 मध्ये फ्रान्समधल्या शारू इथे जमलेल्या बिशपांनी शेतकऱ्यांची गुरे लुटणाऱ्यांना बहिष्काराचा शाप दिला; पुढच्या काही दशकांत संतांचे अवशेष उघड्या मैदानात आणून, हजारोंच्या साक्षीने, शिलेदारांकडून शपथा घेतल्या गेल्या. शस्त्रधारी माणसाला नि:शस्त्र माणसांनी सार्वजनिकरीत्या मर्यादा घालण्याचा हा प्रयत्न होता आणि मला तो मध्ययुगातल्या मोठ्या घटनांपैकी एक वाटतो. पण 1023 मध्ये बोव्हेच्या बिशपने जी शपथ तयार केली तिचे कलम नीट वाचावे: मी गिरणी मोडणार नाही, तिच्यातले धान्य उचलणार नाही, मी मोहिमेवर असेन किंवा ती गिरणी माझ्या स्वतःच्या जमिनीवर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. दुसऱ्याचा शेतकरी लुटणे हे पाप ठरले. स्वतःचा शेतकरी लुटण्याच्या पापाबद्दल शपथ मुकी आहे. ती मुकी का, हे कळण्यासाठी शपथ घेणाऱ्या सरदाराइतकाच ती लिहून देणारा बिशपही जमीनमालक होता, एवढे आठवले तरी पुरे.

जिथे चर्चला जमीनमालक म्हणून काही गमवायचे नव्हते तिथे त्याने निःसंकोच सुधारणा केल्या. रोममधल्या 1215 च्या लॅटरन धर्मसभेने, आरोपी खरा की खोटा हे ठरवण्यासाठी तापलेले लोखंड हातात धरण्याच्या आणि पाण्यात बुडवण्याच्या दिव्यांत पाद्र्यांनी भाग घेण्यास मनाई केली, आणि त्या एका निर्णयाने दिव्याची प्रथा जवळपास निर्जीव झाली. इंग्लंडमध्ये पंचांच्या निवाड्याला वाट मोकळी झाली ती त्यामुळेच. 1179 च्या सभेने प्रत्येक मुख्य चर्चमध्ये गरीब मुलांना फुकट शिकवणारा शिक्षक नेमावा, असे ठरवले होते. हे श्रेय पूर्ण द्यावे. ते देताना माझ्या मनात इतकेच येते की या यादीत 'मठाच्या जमिनीवरच्या भूदासांना मुक्त करावे' असा ठराव कुठल्याही सर्वसाधारण धर्मसभेने केलेला नाही.

व्यक्ती वाईट होत्या म्हणून असे झाले, असा समज करून घेण्याचा मोह टाळला पाहिजे. बरी सेंट एडमंड्सचा मठाधिपती सॅमसन हा कर्तबगार, साधा आणि आपल्या मठाला कर्जातून वर काढणारा माणूस होता. त्याच्या शेजारी वावरलेल्या जोसलिन या मठवाशाने त्याचे जे चित्र रेखाटले आहे ते आदराने भरलेले आहे. त्याच चित्रात 1191 च्या सुमाराचा एक प्रसंग आहे. हर्बर्ट नावाच्या वृद्ध पाद्र्याने आपल्या जमिनीवर एक पवनचक्की उभारली. सॅमसनला कळले तेव्हा तो इतका संतापला की त्याच्या घशाखाली घास उतरेना. ती चक्की पाडली जाईपर्यंत मी भाकरी खाणार नाही, असे तो देवाची शपथ घेऊन म्हणाला. हर्बर्ट विनवू लागला की वाऱ्याचा लाभ कुणालाही नाकारता कामा नये, आणि मी तर फक्त माझेच धान्य दळीन. सॅमसनने ऐकले नाही. अखेर मठाचे शिपाई पोचण्याआधी हर्बर्टनेच घाईघाईने ती पाडून टाकली. सॅमसनला स्वतःसाठी दळणावळ नको होती. तो संत एडमंडच्या हक्काचे रक्षण करत होता, आणि संताच्या हक्कात कपात करण्याचा अधिकार आपल्याला नाही असे तो मनापासून मानत होता. स्वतःच्या हक्काबद्दल माणूस कधी तरी दिलदार होऊ शकतो. दुसऱ्याच्या, त्यातही स्वर्गस्थ दुसऱ्याच्या, हक्काबद्दल त्याने दिलदार कसे व्हावे?

सेंट ऑल्बन्सचा रिचर्ड तर याहून बोलके उदाहरण आहे, कारण तो स्वतः लोहाराचा मुलगा. दहा वर्षांचा असताना बाप गेला, वॉलिंगफर्डच्या मठप्रमुखाने त्याला सांभाळले, ऑक्सफर्डला पाठवले. पुढे तो गणितात आणि ज्योतिषात पारंगत झाला आणि त्याने आपल्या मठासाठी एक खगोलीय घड्याळ घडवले, ज्याची कीर्ती त्याच्यामागे राहिली. चर्चमध्ये गरिबाला वर चढण्याची वाट होती, असे जे म्हटले जाते ते खरे आहे आणि रिचर्ड त्याचा पुरावा आहे. फ्रान्सचा कारभार राजा धर्मयुद्धावर असताना ज्याने सांभाळला तो मठाधिपती सुगेरही सामान्य घरचाच. परंतु या वाटेवर इंग्लंडमध्ये नाका होता: भूदासाच्या मुलाला त्याच्या धन्याच्या परवानगीवाचून दीक्षा देऊ नये, असे राजाने 1164 मध्ये काढलेल्या क्लॅरेंडनच्या कलमांत नमूद आहे. आणि जो नाका ओलांडून वर पोहोचला तो खालच्यांचा उरला नाही. गावातला सर्वांत हुशार मुलगा मठात जायचा, लॅटिन शिकायचा आणि काही वर्षांनी गावाविरुद्धच्या खटल्याचे कागद तयार करायचा. रिचर्डने जात्यांचे दगड फरशीत बसवले तेव्हा त्याच्या घरीही कधी काळी जाते असेल, हा विचार त्याच्या मनात आला होता का, हे इतिवृत्तांतून कळत नाही.

मग भूदास सुटले कसे? मुख्यतः 1348 च्या प्लेगच्या महामारीनंतर माणसे कमी पडली म्हणून. कसायला हात मिळेनात, मजुरी वाढली, आणि जिथे धनी अडेल तिथून माणसे रात्रीतून पळून जाऊ लागली. त्याआधी काही ठिकाणी शहरांनी पुढाकार घेतला. इटलीतल्या बोलोन्या शहराने 1256-57 मध्ये सहा हजारांच्या आसपास भूदासांना त्यांच्या धन्यांना पैसे मोजून सोडवले. त्यांची नावे ज्या वहीत नोंदवली तिच्या सुरुवातीला लिहिले आहे की ईश्वराने नंदनवन निर्माण केले आणि तिथे माणसाला पूर्ण आणि चिरंतन स्वातंत्र्य दिले. शहराला नवे करदाते हवे होते, हेही एक कारण होते आणि ते लपवण्यासारखे नाही. माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. मुक्ती शहराने दिली, पण शब्द बायबलचे होते.

हे पुन्हा पुन्हा घडले. 1381 च्या उठावात लोकांना चेतवणारा जॉन बॉल हा बहिष्कृत पाद्री होता, आणि आदम खणत होता व हव्वा सूत कातत होती तेव्हा सरदार कोण होता, हा त्याचा प्रश्न सरळ उत्पत्तीच्या कथेतून आलेला होता. सेंट ऑल्बन्सच्या लोकांना तर अशी श्रद्धा होती की आठव्या शतकात होऊन गेलेल्या ऑफा राजाने दिलेली, सोनेरी आणि निळ्या अक्षरांची एक सनद मठात दडवलेली आहे आणि तिच्यात आपले स्वातंत्र्य लिहिले आहे. त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब याला मृत्युदंड समोर दिसत होता, तेव्हा तो गावकऱ्यांना म्हणाला की स्वातंत्र्यासाठी मेलो तर हुतात्म्याचे मरण आले असे मी समजेन. हे शब्दही आपल्यापर्यंत वॉल्सिंगमच्याच लेखणीतून आले आहेत. ब्रिटनच्या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याच्या, म्हणजे संत ऑल्बनच्या, नावाने उभ्या असलेल्या मठाशी लढणारा माणूस स्वतःसाठी हुतात्म्याचा शब्द मागत होता. 15 जुलै रोजी जॉन बॉलला आणि त्यालाही फाशी झाली.

1525 मध्ये दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी मेमिंगेन इथे बारा मागण्या लिहिल्या. त्यांतली तिसरी अशी की ख्रिस्ताने मेंढपाळापासून राजापर्यंत सर्वांना आपल्या रक्ताने सोडवले आहे, तेव्हा आम्हाला कुणाची मालमत्ता समजले जाणे लाजिरवाणे आहे. ग्रेगरीने दोघांसाठी जे तत्त्व वापरले तेच इथे सर्वांसाठी मागितले गेले. ते कानी पडायला हजार वर्षे प्रवचने ऐकावी लागली असतील; चर्चने ती दिली, हे नाकारता येत नाही. पण जर्मन भाषेत बिशपच्या काठीखाली, म्हणजे त्याच्या अंमलाखाली, जगणे सुखाचे, अशी म्हण आहे, आणि ती उद्धृत करणाऱ्यांनी दक्षिण जर्मनीतल्या केम्प्टेनकडे जरूर पाहावे. तिथल्या मठाने शंभर वर्षे चिकाटीने स्वतंत्र कुळांना भूदासांच्या दर्जावर ओढण्याचा उद्योग केला होता, आणि 1525 च्या बंडात त्या मुलखातली कुळे अग्रभागी होती. म्हण खोटी नसेल. एखाद्या कर्जबाजारी उमरावापेक्षा मठाची वेठ सौम्य असू शकत होती आणि दुष्काळात मठाच्या दारात भाकरी मिळत होती. मात्र सौम्य बंधन आणि मोकळीक यांतला फरक बांधलेल्याला चांगला कळतो.

म्हणून धर्मसंस्थेची ऐतिहासिक भूमिका ठरवताना तिच्या ग्रंथांबरोबर तिच्या जमाबंदीच्या वह्याही उघडाव्यात, आणि दोहोंत अंतर दिसले की लगेच ढोंगाचा आरोप करून मोकळे होऊ नये. ढोंग माणसाचे असते; ते उघडे पडले की माणूस बदलता येतो. सॅमसन ढोंगी नव्हता, टोलेडोचे बिशप ढोंगी नव्हते. मालकी ईश्वराच्या नावे करून ठेवल्यावर तिच्यात दया दाखवण्याचा अधिकार कुणाकडेच उरत नाही, ही अडचण माणसे बदलून सुटणारी नव्हती. सेंट ऑल्बन्सच्या मठाचा प्रश्न 1539 मध्ये आठव्या हेन्रीने मठच बंद करून सोडवला, आणि त्यामागे भूदासांचा कळवळा नव्हता.

फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या ज्युरा डोंगरात, सेंक्लोद हे गाव आहे. तिथल्या प्राचीन मठाच्या जमिनी अठराव्या शतकात तिथल्या चर्चच्या पुरोहितमंडळाकडे आल्या आणि त्यांवरचे भूदासही त्यांच्याबरोबर आले. भूदासाचा मुलगा बापाच्या घरात राहत नसला तर बापामागे त्याला वारसा मिळत नसे, सगळे मंडळाकडे जाई. या स्थितीलाही फ्रेंच कायद्यात 'मृत हात' असेच नाव होते. चर्चच्या न सुटणाऱ्या मालकीचे आणि भूदासाच्या न देता येणाऱ्या मालकीचे नाव एकच. 1770 पासून फ्रेंच लेखक व्हॉल्तेर याने या लोकांसाठी अर्जांमागून अर्ज लिहिले आणि त्यांचे खटले लढवण्यास मदत केली. निकाल विरोधात गेला. 1779 मध्ये सोळाव्या लुईने राजाच्या स्वतःच्या जमिनींवरची भूदासगिरी रद्द केली आणि इतर धन्यांनीही तसे करावे, अशी इच्छा व्यक्त केली. सेंक्लोदच्या पुरोहितमंडळाने ती मानली नाही. फ्रेंच क्रांतीत, 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री, राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, तेव्हा ज्यांचे बंधन सुटले त्यांत हे डोंगरातले शेतकरीही होते.